उसातलं टू-फोर-डी आणि सायगावचं युद्ध संग्रहालय

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातले सात जण व्हिएतनामला गेलो. मुंबईहून थेट विमान आहे, खर्च आवाक्यातला आहे, त्यामुळे लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच मंडळी हल्ली तिकडे जातात. नावेतली सफर, बाजार, मंदिरं या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सायगावात, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहरात, एक ओळ होती: ‘युद्ध संग्रहालय, दीड तास’. आम्हाला तिथे साडेतीन तास लागले, आणि त्याचं कारण आमचे दाजी.

दाजींची शेती लातूरजवळ. ऊस, सोयाबीन आणि थोडी कपाशी. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर नारिंगी भिंतींचं एक दालन आहे. अमेरिकेनं व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाची हकीकत तिथे मांडली आहे. ते कशापासून बनायचं हे गाइड सांगत होता. दोन रसायनांपैकी पहिल्याचं नाव त्यानं घेतलं आणि दाजी माझा दंड धरून म्हणाले, “अहो सर, टू-फोर-डी म्हणला का तो? हे तर आम्ही उसात मारताव की!”

मी परभणीला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तरी त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. समोर भिंतीवर हात-पाय वाकडे असलेल्या मुलांचे फोटो होते आणि शेजारी, घरी टू-फोर-डी या तणनाशकाची बाटली असलेला माणूस उभा होता. परत आल्यावर मी वाचलं, जुळवलं, दाजींना समजावलं. व्हिएतनामला जाऊन आलेल्या किंवा जाणार असलेल्या अनेकांना हेच प्रश्न पडतात, म्हणून ते सगळं इथे लिहितोय.

## एका लढाईची अनेक नावं

आपण ‘व्हिएतनाम युद्ध’ म्हणतो. व्हिएतनाममध्ये त्याला ‘अमेरिकेविरुद्धचं प्रतिकारयुद्ध’ म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला याचं नवल वाटायला नको. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. सैन्याच्या कागदांत त्याचं नाव ‘ऑपरेशन पोलो’, सरकारी भाषेत ‘पोलीस ॲक्शन’, आपल्या शाळेत ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’, आणि माझ्या आजीच्या तोंडी ‘रझाकाराचं साल’. नाव ऐकलं की बोलणारा कुठे उभा होता ते कळतं.

या संग्रहालयाचं स्वतःचं नावही बदलत गेलंय. सप्टेंबर १९७५मध्ये, युद्ध संपून जेमतेम चार महिने झाले असताना, ते उघडलं तेव्हा पाटीवर ‘अमेरिका आणि तिच्या बाहुल्यांच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन’ अशा अर्थाचं नाव होतं. १९९०मध्ये पाटीवरून अमेरिकेचं नाव गेलं, ‘युद्ध आणि आक्रमणाच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन’ एवढं राहिलं. १९९५मध्ये ‘गुन्हे’ हा शब्दही गेला आणि ‘युद्धाच्या खुणांचं संग्रहालय’ झालं. त्याच वर्षी अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. आतले फोटो पाहण्याआधी ही पाटी वाचावी.

## युद्ध कशावरून झालं

थोडक्यात सांगतो. व्हिएतनामवर फ्रान्सचं राज्य होतं. १९५४मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्य हरलं. जिनिव्हात करार झाला आणि १७व्या अक्षांशाजवळ देशाचे तात्पुरते दोन भाग पडले. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत कम्युनिस्टविरोधी. १९५६मध्ये निवडणूक घेऊन देश एक करायचं ठरलं होतं, ती निवडणूक झालीच नाही. दक्षिणेच्या पाठीशी अमेरिका उभी राहिली. १९६५पासून तिच्या लढाऊ तुकड्या उतरल्या, १९६९मध्ये सैनिकांची संख्या सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. १९७३च्या पॅरिस करारानंतर अमेरिकी सैन्य परतलं आणि ३० एप्रिल १९७५ला उत्तरेचे रणगाडे सायगावात शिरले. अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते सगळे लाखांत आहेत आणि काही ३० लाखांच्या आसपास जातात.

भारताचाही यात हात होता. १९५४च्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. १९५८मध्ये हो ची मिन्ह भारतात येऊन गेले. पुढे कोलकात्यात ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ ही घोषणा घुमली आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यालाच हो ची मिन्ह यांचं नाव दिलं गेलं.

## तणनाशक शस्त्र कसं झालं

दक्षिणेतले गनिमी लढवय्ये दाट जंगलात लपायचे आणि आसपासच्या शेतातल्या धान्यावर जगायचे. झाडं दाट असली तर वरून विमानाला माणूस दिसत नाही. मग पानंच झडवून टाकली तर? १९६२मध्ये फवारणी सुरू झाली आणि १९७१पर्यंत चालली. पिंपांवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असायचे आणि त्या पट्ट्यावरून मिश्रणाला नाव पडायचं. नारिंगी पट्टा ते ऑरेंज, पांढरा ते व्हाइट, निळा ते ब्लू. औषधाचा स्वतःचा रंग नारिंगी नव्हता.

टू-फोर-डी काम कसं करतं ते शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल: ते झाडाला बेसुमार वाढायला लावून मारतं. झाडाच्या वाढीला एक नैसर्गिक संप्रेरक लागतं, हे रसायन त्याची नक्कल करतं. रुंद पानाचं झाड त्या खोट्या हुकमावर वेडंवाकडं वाढत सुटतं, पिळवटतं, पानं टाकतं आणि मरतं. ऊस, ज्वारी, गहू, मका ही गवताच्या कुळातली पिकं, त्यांना ते बरंचसं पचतं. म्हणून तर उसातल्या रुंद पानाच्या तणावर ते चालतं. कपाशीला मात्र त्याचा वाराही सोसत नाही. शेजारच्या रानातून फवाऱ्याचे तुषार आले, किंवा न धुतलेल्या पंपानं फवारलं, की कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली निघतात. हे ज्यानं पाहिलंय त्याला व्हिएतनामचं जंगल कसं मेलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि भात? भातही गवताच्याच कुळातला, ऑरेंजनं तो नीट मरत नाही. म्हणून भातासाठी निळ्या पट्ट्याचं वेगळं मिश्रण होतं, आर्सेनिकचं म्हणजे सोमलाचं. कोणत्या पिकाला कोणतं विष लागू पडतं याचा हिशोब करून माणसाचं अन्न जाळलं गेलं. शेतीच्या मुलखातून गेलेल्या मला या सगळ्या संग्रहालयात सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही.

सगळी मिश्रणं धरून सात कोटींहून जास्त लिटर फवारणी झाली. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी ‘जलदूत’ आठवा. पन्नास डब्यांची गाडी एका खेपेला साधारण २५ लाख लिटर पाणी आणायची. तशा जवळजवळ तीस खेपा भरून तणनाशक एका देशावर ओतलं गेलं.

## पिंपात आलेलं न सांगितलेलं विष

इथे खरी गाठ आहे. एजंट ऑरेंजमध्ये दोन रसायनं निम्मी-निम्मी होती: टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी. हे दुसरं बनवताना एक नको असलेला पदार्थ आपोआप तयार होतो, त्याचं नाव डायऑक्सिन. डायऑक्सिनं बरीच आहेत, त्यातलं सर्वांत जहाल हे.

गुऱ्हाळावर बसलेल्याला हे चटकन कळेल. काहिलीखालची आच बेताची ठेवली तर गूळ चांगला उतरतो. घाईनं जाळ वाढवला तर रस तळाशी करपतो आणि तो करपट अंश सगळ्या ढेपांत जातो. टू-फोर-फाइव्ह-टीच्या कारखान्यात तापमान वाढलं की डायऑक्सिन वाढायचं. युद्धाची मागणी मोठी, माल लवकर हवा. करपलेला गूळ जिभेला कळतो, डायऑक्सिन ना दिसतं ना कळतं.

ते एकूण किती होतं? संशोधकांच्या एका अंदाजानुसार किमान ३६६ किलो. म्हणजे चार क्विंटलही नाही, सोयाबीनची सहा-सात पोती. एवढंसं विष त्या कोट्यवधी लिटरांत विखुरलेलं होतं, आणि आजची माणसं त्यानं आजारी आहेत.

## “पन्नास वर्षं झाली, अजून कसं राहील?”

हा प्रश्न माझ्या भाचीनं विचारला. टू-फोर-डी मातीत काही आठवड्यांत बरंचसं मोडतं. डायऑक्सिन तसं मोडत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, पावसानं धुतलं जात नाही, मातीच्या कणाला आणि तळ्यातल्या गाळाला चिकटून बसतं. लोणच्याच्या बरणीला तेल लागलं की नुसत्या पाण्यानं ते निघत नाही, तसंच. आणि त्याला चरबी आवडते. गाळात चरणाऱ्या माशाच्या आणि बदकाच्या चरबीत ते साठतं, तिथून खाणाऱ्या माणसाच्या चरबीत, आणि आईच्या दुधातून बाळात. माणसाच्या शरीरात गेलेलं डायऑक्सिन निम्मं व्हायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात.

फवारलेल्या जमिनीपेक्षा जास्त धोका राहिला तो जुन्या विमानतळांवर, जिथे पिंपं साठवली, भरली, सांडली, विमानं धुतली. दा नांगच्या विमानतळाची माती अमेरिका आणि व्हिएतनाम यांनी मिळून २०१२ ते २०१८ या काळात साफ केली. आपल्याकडे वीटभट्टी लावतात तसे मातीचे प्रचंड बंदिस्त ढीग रचले आणि किमान ३३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले, तेव्हा कुठे ते विष मोडलं. हो ची मिन्ह शहराजवळच्या बिएन होआ विमानतळाचं काम त्याहून मोठं आहे, ते २०१९मध्ये सुरू झालं. एक आशेची गोष्टही सांगतो: त्याच शहराजवळचं कान जिओचं खारफुटीचं जंगल फवारणीत उजाड झालं होतं. लोकांनी रोपं लावून ते पुन्हा उभं केलं आणि २०००मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

## “मग आम्ही उसात मारताव ते?”

दाजींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: तुमच्या बाटलीत एजंट ऑरेंज नाही. ते जहाल डायऑक्सिन मुख्यतः टू-फोर-फाइव्ह-टीमधून आलं, आणि टू-फोर-फाइव्ह-टीला भारतात नोंदणी नाकारलेली आहे. अमेरिकेनंही १९८५मध्ये त्याचा वापर पूर्ण बंद केला.

पण म्हणून टू-फोर-डी म्हणजे साधं पाणी, असंही कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५मध्ये त्याला ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ गटात घातलं. त्या जहाल डायऑक्सिनला याच संस्थेनं १९९७मध्येच ‘निश्चित कारण’ असलेल्या गटात टाकलं होतं. दोन गटांतलं अंतर मोठं आहे. तरी उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारणारी माणसं मी दर पावसाळ्यात बघतो आणि माझा जीव खालीवर होतो.

## “त्या मुलांची व्यंगं याच औषधानं आली, हे कशावरून?”

हा आक्षेप अभ्यासू लोक घेतात आणि तो टाळू नये. एखाद्या मुलाकडे बोट दाखवून ‘याचं व्यंग डायऑक्सिनमुळेच’ असं कोणताही डॉक्टर सिद्ध करू शकत नाही. जन्मजात व्यंगं फवारणी न झालेल्या मुलखातही असतात. व्हिएतनाम सरकारचे आकडे आणि बाहेरच्या संशोधकांचे निष्कर्ष पूर्ण जुळत नाहीत.

पण एकेका माणसाचा पुरावा मागणं हा एकच मार्ग नाही. पीकविम्यात महसूल मंडळातल्या पीक कापणीवरून नुकसान ठरलं, की प्रत्येकाच्या बांधावर जाऊन वेगळा पुरावा मागत नाहीत. अमेरिकेनं स्वतःच्या सैनिकांबाबत नेमकं हेच केलं. १९९१च्या कायद्यानं ठरलं, की तिथे सेवा केलेल्या सैनिकाला यादीतला आजार झाला तर तो फवारणीमुळे झाला असं धरायचं. या यादीत काही कर्करोग, टाइप-२ मधुमेह, पार्किन्सन हे आजार आहेत. सैनिकांच्या मुलांमधला मणक्याचा एक जन्मजात दोषही मदतीस पात्र आहे. त्याआधी १९८४मध्ये रसायन कंपन्यांनी अमेरिकी सैनिकांच्या दाव्यात १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती.

व्हिएतनामी पीडितांनी त्याच कंपन्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तो २००५मध्ये फेटाळला गेला. पिंप एकच. वरून फवारणाऱ्याला पुराव्याची सवलत मिळाली आणि खाली उभ्या असलेल्याला मिळाली नाही. मला हे पटत नाही. कायद्याचे मुद्दे मी वाचले आहेत, तरी पटत नाही.

## “हा सगळा विजेत्यांचा प्रचार नाही का?”

काही अंशी आहे. संग्रहालय सरकारी आहे आणि सरकार जिंकलेल्या बाजूचं आहे. १९६८मध्ये ह्यूए शहरात कम्युनिस्ट बाजूनं हजारोंच्या संख्येनं माणसं मारली, त्याचं दालन तिथे नाही. १९७५नंतर दक्षिणेच्या लोकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या नावानं छावण्यांत डांबलं, लाखो लोक होड्यांतून देश सोडून पळाले, हेही तिथे सापडत नाही. दक्षिणेच्या सैन्यातला मेलेला पोरगा कुणाचा तरी मुलगा होता, त्याचा फोटो नाही.

पण जे दाखवलंय ते खोटं आहे का? तिथले कित्येक फोटो अमेरिकी आणि युरोपी छायाचित्रकारांनी काढले आहेत. १६ मार्च १९६८ला ‘मी लाई’ नावाच्या गावात अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र बायका-पोरं मारली, त्याचे फोटो अमेरिकी लष्कराच्याच छायाचित्रकारानं काढले. व्हिएतनाम ५०४ बळी सांगतं, अमेरिकेच्या तपासात ३४७ धरले गेले. आकड्यात फरक आहे, घटनेबद्दल दुमत नाही. ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकी वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि स्वतःच्याच सैनिकांच्या मध्ये उतरवून काही जीव वाचवले. एक संपूर्ण दालन दोन्ही बाजूंच्या मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांचं आहे, त्या दालनात मला शत्रू आणि मित्र असा भेद दिसला नाही.

आणि गाळलेलं शोधायला आपण आपल्या घरातूनही सुरुवात करू शकतो. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, रझाकारांचे अत्याचार सांगतो. ते झालेच होते, माझ्या आजीनं ते भोगले. पण केंद्र सरकारला सादर झालेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक दशकं दाबून होता. मुक्तिदिनाच्या भाषणात मी तो कधी ऐकला नाही. मला मुक्तिदिन मनापासून प्यारा आहे, म्हणूनच ही उणीव टोचते.

## सुट्टीत पैसे खर्चून रडायचं कशाला?

हे आमच्या वहिनी म्हणाल्या होत्या, आणि त्या आतही आल्या. अंगणातच अमेरिकी हेलिकॉप्टर, लढाऊ विमान आणि पॅटन रणगाडा उभा आहे. आपल्याकडची माणसं तिथे रमतात, कारण १९६५च्या युद्धात भारतानं जिंकलेले पॅटन नगरच्या रणगाडा संग्रहालयात अनेकांनी पाहिलेले असतात. नगरला आपण रणगाड्याची जाडी, तोफेचा पल्ला बघतो आणि छाती फुगते. सायगावात तेच यंत्र ओलांडून आत गेलं, की तोफ ज्यांच्यावर चालली त्यांचे चेहरे आहेत. दोन्ही बघावं.

जाणार असाल तर अंगणात फोटो काढण्यात तास घालवू नका, आधी वरच्या मजल्यावर जा, नंतर पाय थकतात. लहान मुलांना ऑरेंजच्या दालनात नेऊ नका, आळीपाळीनं कुणीतरी खाली त्यांच्याजवळ थांबा. चौदा वर्षांच्या भाचीला आम्ही नेलं, तिला आधी बसमध्ये सगळं सांगून. अपंग मुलांच्या फोटोंसमोर सेल्फी काढणारे आपल्याकडचेच दोन तरुण दिसले. त्यांना दाजींनी हळूच बाजूला घेतलं आणि काय बोलले कुणास ठाऊक, पोरांनी फोन खिशात घातले.

परवा जून सरता सरता दाजींचा फोन आला. व्हॉट्सॲपवर बाटलीच्या लेबलाचा फोटो पाठवला होता, अक्षर बारीक आहे, वाचून दाखवा म्हणाले. मी वाचलं: टू-फोर-डी अमाइन सॉल्ट, ५८ टक्के. “म्हणजे ईस्टर नव्हं ना?” त्यांनी विचारलं. ऑरेंजमधलं टू-फोर-डी ईस्टर या रूपात होतं. त्याची वाफ होऊन ते वाऱ्यानं दूर जातं, अमाइनची वाफ फार कमी होते, हे मीच त्यांना विमानात सांगितलं होतं. नव्हं, म्हटलं, अमाइन आहे, तरी वारा पडल्यावरच मारा. “व्हय,” दाजी म्हणाले, “बांधाला लागून शेजाऱ्याची कपाशी हाय.”